एका रिळात नागपूर

टेपच्या मशीनच्या काचेवर आमच्या सरांनी उजव्या हाताचा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मान जराशी तिरपी करून ऐकत राहायचं. लेकराचं कपाळ तापलंय का बघावं, तसं. खांद्याला घरी जायची पिशवी, पिशवीत रिकामा डबा, बाहेरच्या रांगेत चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. म्हणजे निघायची तयारी पूर्ण. आणि मग डोळे उघडून म्हणायचं, "अजून दम आहे तिच्यात, ताई."

हे वाक्य ऐकलं की मी माझी पिशवी परत खुंटीला अडकवायची. त्याचा अर्थ एकच असायचा. आज पुन्हा उशीर.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोंडातून कधी वाकडा शब्द नाही, आणि तरीही ज्याच्यापायी भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं हो. रागावलं, दोन शिव्या मनात घातल्या, मोकळं झालं. चांगल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायचा कुठे, हेच कळत नाही. आमचे सर तसे होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. तेव्हा नाव घ्यायची वेळ आली नाही, आता इथंही नको.

आमची ट्रान्सपोर्ट कंपनी. गोदामं नागपूरबाहेर वाडीला, ट्रक देशभर, आणि कॉम्प्युटर सेंटर रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पेशंट कण्हायचे, वर आम्ही. रोज दुपारी वाडीहून बिल्ट्यांचे गठ्ठे यायचे. बिल्टी म्हणजे कोणाचा माल, कोणत्या ट्रकनं, कुठून कुठे चालला, त्याचा कागद. चार मुली पडद्यासमोर बसून त्या मशीनमध्ये भरायच्या. आणि संध्याकाळी त्या दिवसाचं, त्याच्या आधीचं, सगळंच्या सगळं टेपवर उतरवून ठेवायचं. उद्या मशीननं मान टाकली तर टेपवरून परत घेता यावं म्हणून. याला बॅकअप म्हणायचे आणि ते माझं काम होतं. रिळं चढवायची, उतरवायची, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या, कपाटात लावून ठेवायची.

रंगीत टीव्ही नुकताच आला होता त्या दिवसांत. कॉम्प्युटरवर काम करते म्हटलं की मोहल्ल्यात वट होती माझी. शेजारच्या मावशी, ज्यांच्याकडे मी माझी पोरगी ठेवून जायची, त्या विचारायच्या, "त्याले सारं समजते म्हणतात, खरं का वं?" मी म्हणायची, हो मावशी, सगळं समजतं, फक्त मला घरी जायचंय एवढं समजत नाही.

कारण आमचा टेप रडायचा. दुसरा शब्द नाही. कपाटाएवढं मशीन, काचेचं दार, आत दोन मोठी रिळं. ती कशी फिरायला पाहिजेत? एका दमात, सरळ. आमची हातभर पुढे जायची, खट्‌, थांबायची, थोडी मागे यायची, पुन्हा पुढे. खट्‌, चर्र, खट्‌. बाहेर संध्याकाळ होऊन दिवे लागायचे आणि आमचं पहिलंच रीळ संपत आलेलं. अशी तीन रिळं लागायची. तोपर्यंत त्या मुली घरी जाऊन चहा पिऊन मोकळ्या. मागे उरायचो मी, मेश्राम आणि सर. मेश्राम म्हणजे आमचा ऑपरेटर. खुर्चीत बसल्या बसल्या उघड्या डोळ्यांनी झोपायची कला त्याला साधली होती.

सर मूळचे सावनेरचे. रोज तिकडून बसनं यायचे आणि बसनं जायचे. त्यामुळे टेप का रडतो हे त्यांनी मला बसच्याच भाषेत समजावलं होतं.

"हे पाहा ताई. सावनेरची बस प्रत्येक फाट्यावर थांबते. थांबली की जागा सोडते, वेळ सोडते. आपण टेपवर बारके बारके तुकडे लिहून राहिलो. प्रत्येक तुकड्यामागं हे मशीन कोरी जागा सोडते. माल कमी अन् फाटे जास्त. तुकडे मोठे केले तं फाटे कमी होतीन. काय म्हणता?"

मी म्हटलं, "मग करा ना मोठे. आजच करा."

"करू न. हळूहळू करू. एका दिवशी एकच बदल."

आणि इथंच आमचं घोडं पेंड खायचं. एका दिवशी एकच बदल! तुकड्याचा आकडा थोडा वाढवायचा, पूर्ण बॅकअप चालवायचा, ऐकायचं, घड्याळ बघायचं. बरं वाटलं तर ठेवायचा, नाही तर उद्या आकडा मागे. परवा दुसरं काहीतरी. टेपवर कोणती फाईल आधी जावी, कोणती नंतर. मशीनच्या डोक्यात माल साठवायला जागा किती द्यावी. ती एक ठेवावी की दोन. दोन ठेवायचं त्यांना सुचलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. नळावर एकच गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, असला तर तो भरेपर्यंत उभं राहावं लागतं, दोन असले तर एक भरतो तोवर दुसरा घरात नेऊन ओतता येतो, असं ते हातवारे करून सांगत होते. मी म्हटलं, "सर, हे मला नका सांगू, आमच्याकडे नळ तासभरच येतो." तेव्हा ते हसले. पण दुसरा गुंड लावला त्यांनी दुसऱ्याच दिवशी. त्या दिवशी नाही. त्या दिवसाचा बदल होऊन गेला होता.

एकदा मी चिडून विचारलंच, "सगळं एकदम का नाही बदलत?"

"अन् बिघडलं तं कोणाच्यानं बिघडलं, हे कसं समजन?" सर शांतपणे म्हणाले. "काहून घाई करून राहिल्या ताई? तिले विचारत विचारत जाऊ."

तिले म्हणजे मशीनला. मला कोणी विचारत नव्हतं.

मी घरी पोचायची तेव्हा पोरगी मावशींच्या मांडीवर झोपलेली. मावशी बहुतेकदा नुसत्या दाराकडे बघायच्या. कधीतरी म्हणायच्याच, "काहून वं, आजही?" माझे मिस्टर रेल्वेत, त्यांची ड्यूटी आज इथं तर उद्या तिथं. मावशी नसत्या तर माझी नोकरीच नसती. सरांच्या प्रत्येक आकड्यामागे माझी मावशींपुढे मान खाली जायची, हे त्यांना कोण सांगणार?

सरांच्या पत्नीला मी एकदाच ऑफिसात पाहिलं. सावनेरला शाळेत मास्तरीण होत्या. काही कामानं नागपूरला आल्या आणि जाताना सोबतच जाऊ म्हणून वर आल्या. बॅकअप चालू होता. सर काचेवर हात ठेवून उभे. बाई माझ्याजवळ स्टुलावर बसल्या. मी चहा दिला आणि म्हटलं, "घरी तरी वेळेवर येतात का हो?"

"आले तरी काय," त्या म्हणाल्या. "घरी पण हेच. वरणात मीठ जास्त झालं तं आज मीठ कमी कर म्हणतात. मी म्हणते हिंगही जरा कमी करते. तं नाही, हिंग उद्या! आज एकच." पदरानं कप धरून त्या हसल्या. मग हसू थोडं उतरलं. "लग्न झालं तेव्हापासून हे मुंबईले अन् मी सावनेरले. माझी बदली तिकडं होत नाही, यांची इकडं होत नव्हती. किती अर्ज केले, किती लोकांच्या पाया पडले, तेव्हा कुठं कंपनीनं नागपूरले आणलं. आता कुठं आमचं वरण जमून राहिलं."

मला त्या दिवसापुरता सरांचा राग आला नाही.

पावसाळ्यात मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन आला. सर केबिनमधून बाहेर आले ते चेहरा उतरवूनच. त्यांना लपवाछपवी यायची नाही. सगळ्यांना गोळा केलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. नागपूरचं सेंटर वेळेत काम उरकत नाही. महिनाअखेर दर वेळी लांबते. बॅकअप तीन तीन रिळं खातो आणि कर्मचारी बसवून ठेवतो. दिवाळीपर्यंत सुधारलं तर ठीक, नाही तर नागपूरचं काम मुंबईला.

"म्हणजे आपण?" मुलींपैकी एकीनं विचारलं.

"आपण म्हणजे," सर म्हणाले, "वाडीच्या गोदामात जागा आहे म्हणतात. नाही तं मग..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. आणि त्यांचं स्वतःचं तर अजिबातच सांगितलं नाही. पण मला ते स्टुलावरचं वरण आठवलं. सेंटर गेलं तर सर पुन्हा मुंबईला आणि बाई सावनेरला. सरळ हिशेब होता.

आता तुम्हाला वाटेल, माणूस आता तरी घाई करेल. गळ्याशी आलं की कोणीही हातपाय मारतो. पण छे! त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. काचेवर हात, मिटलेले डोळे, आणि "आज एकच आकडा बदलवतो." मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेही.

"सर, दिवाळी आली!"

"दिवाळी तिच्या वेळेवर येते, ताई. आपण आपल्या वेळेवर जाऊ."

असल्या उत्तरावर माणसानं काय करावं? मेश्राम उघड्या डोळ्यांची झोप मोडून म्हणाला, "सर, मले वाटते तुमी देवाले पण नवस बोलान तं एका वर्षी एकच बोलान."

मध्येच एक दिवस त्यांनी तुकडा बराच मोठा केला. का कोण जाणे, त्या दिवशी जरा धीर सुटला असावा. झालं काय, मशीनची सगळी जागा टेपनंच बळकावली आणि पडद्यासमोर उशिराचं काम करत बसलेल्या मुलींचे पडदे जागच्या जागी गोठले. बोट दाबलं तर अक्षर उमटेना. आधी त्यांना वाटलं आपलंच चुकलं, मग एकीनं टेबलावर बुक्की मारली, मग सगळ्याच ओरडायला लागल्या. दुपारपासून भरलेल्या बिल्ट्या गेल्या पाण्यात. सर त्या प्रत्येकीजवळ जाऊन "माफ करजा बाई" म्हणाले आणि पुन्हा मुंगीच्या पावलानं चालू लागले. मी सांगते, त्यांच्याजागी दुसरा कोणी असता तर त्यानं मुलींनाच झापलं असतं.

आणि मग दसरा. आमच्या सेंटरवर दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. ट्रकवाल्यांची कंपनी, तिथं वाडीला प्रत्येक ट्रकला हार, लिंबू, नारळ. मग आमच्या मशीननं काय पाप केलं? मेश्राम त्या दिवशी नेहमीप्रमाणे सुटीवर होता. दीक्षाभूमीवर येणारे गावोगावचे पाहुणे त्याच्याच घरी उतरायचे. तो असता तर कदाचित पुढचं टळलं असतं. मुलींनी मशीनला झेंडूचा हार घातला, काचेवर स्वस्तिक काढलं. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण एकीला वाटलं, खरं काम तर आत होतं, बाहेरच्या काचेला कुंकू लावून काय उपयोग? तिनं दार उघडलं आणि टेप जिथं घासून जातो त्या नेमक्या जागी हळदीकुंकू वाहिलं. वर अक्षता.

दुसऱ्या दिवशी टेप तोंडच उघडेना. लिहिलेलं वाचता येईना, पुन्हा लिहिलं तर तेही वाचता येईना. आणि दिवाळी पंधरवड्यावर. मी दार उघडलं तर आत सगळं लालभडक. मी कपाळाला हात लावून खालीच बसले. मला खात्री होती की आज तरी सर चिडतील.

ते स्पिरिट आणि कापूस घेऊन बसले. दुपारपासून एकेक कोपरा पुसत होते. ती मुलगी दारात उभी राहून रडत होती. सरांनी मान वर न करता सांगितलं, "पूजा बाहेरून करत जाय वं माय. देवळातही साऱ्याइले गाभाऱ्यात सोडत नाही."

एवढंच. आणि पुसून झाल्यावर बॅकअप लावला, काचेवर हात ठेवला, आणि डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाहा ताई, साफ केल्यानं किती फरक पडला! आता हे रोज करत जाऊ."

म्हणजे मी करत जाऊ. दुसरं कोण?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली एक संध्याकाळ. बदल काय केला होता ते आता मला आठवत नाही. इतका बारीक होता की सरांनाही तो सांगताना लाज वाटली होती. मी रीळ चढवलं, मेश्रामनं चालू केलं. मी नेहमीसारखी खट्‌ची वाट पाहत उभी. खट्‌ आलंच नाही. रिळं फिरायला लागली ती फिरतच राहिली. एक सलग सूं आवाज. मला वाटलं, काहीतरी बिघडलं, कोराच टेप फिरतोय. मेश्रामची झोप त्या आवाजानं नाही, खट्‌ न आल्यानं मोडली. तो उठून उभा राहिला. सरांनी काचेवर हात ठेवला. या वेळी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

सगळं एका रिळात मावलं. तिनांचं एक. दुसरं रीळ मी हातात धरून तशीच उभी होते, ते चढवायची वेळच आली नाही. आम्ही लगेच सगळं वाचून पाहिलं, एकूणएक बरोबर. बाहेर अजून उन्हं होती.

मेश्राम नाचायचा तेवढा बाकी होता. "सर, आता म्हणा न, दम आहे का अजून?"

"नाही गा," सर म्हणाले. "आता पूर्ण बाहेर आला." आणि चष्मा काढून पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर सगळ्यांसाठी तर्री-पोहे घेऊन आले. तर्रीचा डबा बसमध्ये थोडा सांडला होता, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर लाल डाग. मुलींनी त्यांना फार चिडवलं, सर तुमचीच दसऱ्याची पूजा झाली म्हणून. मी त्या दिवशी मावशींना पेढे दिले. आता रोज उजेडात येईन म्हटलं. मावशी म्हणाल्या, "पाहू."

दिवाळीनंतर मोठे साहेब स्वतः आले. बॅकअप चालताना बघितला. सरांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले. "कमाल केलीत तुम्ही! मी विश्वासच ठेवला नसता." मग त्यांनी ते रीळ उचललं, तळहातावर वजन केल्यासारखं धरलं आणि विचारलं, "म्हणजे संपूर्ण नागपूर यात आहे?"

"हो सर. सगळं," आमचे सर म्हणाले. अगदी अभिमानानं म्हणाले हो.

"मग काम सोपंच झालं. आम्ही नागपूर मुंबईला न्यायचं कधीपासून म्हणत होतो, पण ती तीन तीन रिळं आणि तो वेळ, आमच्याकडे मशीन इतका वेळ अडवायची कोणाची तयारी नव्हती. आता एक रीळ आणलं, चढवलं, झालं. आणि बिल्ट्या काय, आपल्याच ट्रकनं येतील. तुम्ही या रीळ घेऊन. तिथं अशाच माणसाची गरज आहे."

ऐकलंत ना? त्यांनी दिवाळीची धमकी दिली होती, ती नुसतीच धमकी होती. आमचं काम तिकडे नेणं त्यांना परवडतच नव्हतं. आमचं सेंटर त्या रडणाऱ्या टेपनं धरून ठेवलं होतं. रोज माझ्या नावानं खट्‌ खट्‌ करणारा तो टेप, ज्याला मी मनात लाख शिव्या घातल्या, तोच आमची नोकरी सांभाळून होता. आणि सरांनी एका दिवशी एकच बदल करत करत, देवाला फूल वाहावं तसं, सगळी अडचण दूर केली. मुंबईच्या साहेबांची.

साहेब जिना उतरून गेले. मग मेश्राम म्हणाला, "सर, जुनेच आकडे परत भरून देऊ न. सांगू, पुन्हा बिघडलं. कोण पाहाले येते?"

मीही मागे लागले. खोटं कशाला बोलू? "करा सर. सगळे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत. तीन रिळं होऊ द्या पुन्हा. मी बसेन उशिरापर्यंत, रोज बसेन, मावशींचे पाय धरेन. करा."

सरांनी बसल्या बसल्या चष्मा पुसला. मग उठले, जुने आकडे भरले. आयुष्यात पहिल्यांदा सगळे एकदम. मी रीळ चढवलं. खट्‌, चर्र, खट्‌. तो आवाज ऐकून मला हायसं वाटलं, काय सांगू तुम्हाला! सरांनी काचेवर हात ठेवला. डोळे मात्र उघडे होते. रीळ हातभर पुढे जायचं, मागे यायचं, आणि दर वेळी त्यांचा हात काचेवर दचकायचा. थोडा वेळ त्यांनी सोसलं. मग हात लांब करून मशीन बंद केलं.

"नाही होत ताई. इतकी चांगली चालून राहिली होती थे. तिले कशी आडवू?"

"आणि बाईंना काय सांगाल?" मी ओरडले. माझा आवाज खाली दवाखान्यात गेला असेल. "त्या विचारतील तेव्हा?"

"तिनं विचारलं तं काय सांगू? का मी चांगलं मशीन मुद्दाम बिघडवून बसलो?" त्यांनी पुन्हा नवे आकडे भरायला घेतले. "घरी तिले नाही चालत असं."

मी पिशवी उचलून निघून गेले. इतका राग मला पुढे आयुष्यात कुणाचा आला नाही, सासरच्यांचासुद्धा नाही. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही, आणि मला तो घालवायचाही नाही.

शेवटच्या दिवशी एकच बॅकअप होता, मुंबईला न्यायचा. बिल्ट्या त्या दिवशी आल्याच नव्हत्या, म्हणून दुपारीच लावला. सूं करत गेला, सूं करत संपला. सरांनी पत्र्याच्या पेटीत रीळ ठेवलं, पेटी बगलेत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावनेरहून येऊन ते तसेच मुंबईची गाडी पकडणार होते. मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "सर, आज तुम्हाला आधीची बस मिळते." ते घड्याळाकडे असे बघत राहिले, जणू ते बंद पडलंय. मग मशीनजवळ गेले. काचेवर हात ठेवला. दारातल्या चपला पायात घातल्या आणि जिना उतरून गेले.

मशीन आमच्याच ट्रकनं मुंबईला गेलं. मी तोवर वाडीला गोदामात लागले होते, हातानं बिल्ट्या लिहायला. मशीनची बिल्टी माझ्याच समोर आली. माल काय लिहू म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "लिहा न, जुनी मशिनरी." लिहिलं. मेश्रामनं दुसरीकडे नोकरी धरली. मी मात्र वाडीहून रोज उजेडात घरी यायला लागले, आणि मावशी म्हणायच्या, "आता बरं जमते वं तुले."

खूप वर्षांनी बर्डीच्या बाजारात सरांच्या बाई भेटल्या. केस पांढरे झालेले, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. सर मुंबईलाच होते अजून. दिवाळीत येतात, उन्हाळ्यात येतात, म्हणाल्या. निवृत्तीला थोडं उरलंय. माझा जुना राग लगेच उसळून वर आला. मी म्हटलं, "बाई, तुम्ही त्यांच्यावर कधी चिडला नाहीत?"

"चिडली न. काहून नाही चिडणार?" त्या म्हणाल्या. हातातल्या पिशव्या त्यांनी जरा सावरल्या. "पण तो शेवटचा दिवस होता न, ते रीळ घेऊन आले तो. शाळा सुटायची होती अजून. पोरं धावत आली, बाई, सर आले, ओट्यावर बसले आहे. मले वाटलं तब्येत बिघडली, नाही तं हे दिवसाउजेडी कधी आले? वर्ग सोडून धावत गेली. तं दाराले कुलूप, हे ओट्यावर, मांडीवर पेटी. मी म्हटलं, इतक्या लवकर काहून? तं म्हणाले, आज थे सरळ चालली वं, म्हणून लवकर आलो."

गर्दीत धक्का लागेल म्हणून मी त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं.

"मग आम्ही दोघं उजेडात जेवलो. वरणभातच होता. मी मुद्दाम विचारलं, मीठ पाहा, हिंग पाहा, सांगा आज काय बदलवू." बाई हसल्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. "तं म्हणाले, नाही वं. आता याच्यात काही बदलवू नको."